नत्थूजींचा भविष्यकाळ

नत्थूजी बारापात्रे यांना इंग्रजी समजायला लागलं ते साठीला आल्यावर, आणि तेही अर्धवट. पूर्ण समजलं असतं किंवा अजिबात समजलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जात विणकराची. गोळीबार चौकाजवळच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत बापाचा माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. पाय खड्ड्यात, हात सूत फेकणाऱ्या धोट्यावर. आई लवकर गेली, तेव्हा नत्थू लहान होता. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, जनाबाईनं. ती सुताच्या कांड्या भरायला बसली की त्याला मांडीजवळ घेऊन बसायची आणि चरख्याच्या तालावर पाढे म्हणून घ्यायची. तिचं लग्न होऊन ती भिवापूरला गेली त्या दिवशी नत्थू दिवसभर मागाच्या खड्ड्यात उतरून बसला होता, जेवायलाही वर आला नव्हता. ही गोष्ट जनाबाई पुढं आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि हसायची.

पुढं नत्थूजीही त्याच मागावर नऊवारी पातळं विणायला लागले. मग ती नेसणाऱ्या बाया कमी होत गेल्या. पॉवरलूमचं कापड स्वस्त पडायला लागलं. नत्थूजींनी बरीच वर्षं दम धरला, शेवटी माग सुटा करून माळ्यावर टाकला. इतवारीत एका कापडाच्या दुकानात घड्या घालायचं काम केलं. गल्लीतलं घर भावकीत वाटलं गेलं तेव्हा हिश्श्यात आलं त्यातून नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेतल्या. बायको देवकी काविळीनं गेली तेव्हा मुलगी काजल नववीत होती. दुसरं लग्न करा असं सगळे म्हणाले. नत्थूजी कोणाशी वाद न घालता स्वयंपाक शिकले.

काजल नर्सिंग शिकली, एका खासगी दवाखान्यात लागली. नत्थूजी तोवर बेसा भागातल्या एका सोसायटीत गेटवर गार्ड झाले होते. सकाळी सायकलनं जायचे, संध्याकाळी यायचे. बापलेकीचं चांगलं चाललं होतं. पण काजलसोबतच्या दोघी केरळच्या मुली इंग्लंडला गेल्या आणि तिथून फोटो यायला लागले. काजलच्याही डोक्यात ते बसलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात समोर माणूस बसवून बोलायला लावतात.

नंदनवनच्या चौकात मोबाइलच्या दुकानाच्या वर अदिती मॅडमचा क्लास होता. काजल तिथं जायला लागली. मॅडमनी तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "लिहितेस छान. झालेल्या गोष्टी बऱ्या सांगतेस. पण पुढचं काही विचारलं की तुझी गाडी रुळावरून उतरते. परीक्षेत तर सगळं पुढचंच विचारतात. भविष्यकाळ रोज मोठ्यानं बोलायचा. घरी कोण आहे?"

"बाबा आहेत. पण त्यांना इंग्लिश नाही येत."

"मराठी वाचता येतं ना? मग झालं. प्रश्न मराठी अक्षरांत लिहून दे. ते विचारतील, तू उत्तर दे."

अशी ती शाळा सुरू झाली. सकाळी, ड्यूटीवर जायच्या आधी, चहा गाळून झाला की. काजलनं जाड कागदाचे तुकडे कापून त्यांच्यावर प्रश्न लिहिले होते. नत्थूजींनी चष्मा लावला, पहिला कागद हातभर लांब धरला आणि एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करावी तसे ओरडले, "व्हॉट विल यू डू टुमारो!"

काजल चहाचा कप सांडेस्तोवर हसली. "बाबा, तुम्ही तं पोलिसासारखं विचारून राहिले."

"मंग परीक्षावाला का लाडानं विचारते का? बोल, जवाब दे."

काही दिवस ते नुसते वाचत राहिले. पण नत्थूजींचा स्वभाव असा, की हातातून जे जातं त्याची वीण बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एका सकाळी त्यांनी विचारलं, "हे जिथं तिथं 'विल' येऊन राहिलं. हे का आहे वं?"

"आपण येईन, जाईन म्हणतो नं बाबा? त्यांच्यात ते शेवटी नाही लागत. पहिलेच लागते. 'विल' आलं का समजाचं, अजून झालं नाही, पुढं होईन."

नत्थूजींना ते फार आवडलं. "पाय, कशी मजा आहे. आपल्यात माणसाचं बोलणं सरेस्तोवर थांबा लागते, तेव्हा समजते का तो आला होता का येणार आहे. हे लोक पहिलेच सांगून मोकळे."

हळूहळू त्यांना त्यात गोडी लागली. 'विल हॅव फिनिश्ड' म्हणजे काय, हे काजलनं समजावून सांगितलं, की त्या दिवसापर्यंत होऊन गेलेलं असेल. तर ते म्हणाले, "हे तं आम्ही व्यापाऱ्याले रोज सांगत होतो. शुक्रवारपर्यंत पातळ उतरलं असन म्हणून समजा शेठ. आन् मागावर अजून ताणाही नसे." काजलनं हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा अदिती मॅडमही हसल्या.

आणि एकदा 'गोइंग टू' आलं.

"हे अन् विल एकच का?" नत्थूजींनी विचारलं.

"नाही बाबा. 'आय विल गो' म्हणजे आता मनात आलं, जाईन. 'आय ॲम गोइंग टू गो' म्हणजे पहिलेपासून ठरवून ठेवलं. तिकीट-बिकीट काढून बसलो."

"म्हणजे 'विल'चा भरोसा नाही."

"तसंच समजा."

पुढं एक कागद आला, त्यावर लिहिलं होतं: व्हेअर विल यू बी इन फाइव्ह इयर्स? पाच वर्षांनी कुठं असशील? नत्थूजींनी वाचलं. काजल भिंतीकडं बघत बोलायला लागली. मोठं हॉस्पिटल, सिनिअर नर्स, छोटं घर, घरापुढं झाडं. हे शब्द नत्थूजी आता ओळखायचे, सगळे नाही तरी बरेच. मधेच ती म्हणाली, "माय फादर विल लिव्ह विथ मी."

नत्थूजींच्या हातातला कागद तसाच राहिला. माय फादर म्हणजे आपण. लिव्ह म्हणजे राहणं, तो शब्द तर रोज यायचा. विथ मी, माझ्यासोबत. त्यांनी पुन्हा एकदा मनात लावून पाहिलं. मग 'विल' आठवलं, आणि त्यांनी स्वतःला समजावलं की पोरीच्या मनात आलं असेल, बोलली. होईल, न होईल. त्या दिवशी गेटवर एका गाडीला बाहेर सोडायचं होतं, तर त्यांनी गेट लावून घेतलं.

दिवस गेले. परीक्षा जवळ आली. तोच कागद पुन्हा आला, तेच हॉस्पिटल, तीच झाडं. पण त्या सकाळी काजल म्हणाली, "माय फादर इज गोइंग टू लिव्ह विथ मी."

"पुन्हा एकदा म्हण," नत्थूजी म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली, स्वच्छ, न अडखळता. "बरोबर होतं नं बाबा?"

"बरोबर होतं," ते म्हणाले आणि कप विसळायला उठले. नळाकडं तोंड करून बराच वेळ विसळत राहिले.

त्यांनी तेव्हाच मराठीत विचारलं असतं, की काजल, तू मले खरंच नेऊन राहिली का वं, तर एका मिनिटात सगळं उलगडलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. मुलीनं अजून आपल्या बोलीत सांगितलं नाही म्हणजे काहीतरी असेल, कागदपत्रं व्हायची असतील, आधी स्वतःचं जमू दे असं तिला वाटत असेल. आणि तिला वाटतं की बापाला कागदावरच्या प्रश्नांपलीकडं इंग्रजी कळत नाही, तेव्हा तिच्या तोंडून ते सहज निघून गेलं, आणि आपण ते चोरून ऐकलं. आता विचारून तिचा विरस कशाला करायचा? असं त्यांनी मनाशी धरलं. खरं म्हणजे आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी स्वतःशीही बोलायचं टाळलं. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

विचारलं ते दुसऱ्याला. सोसायटीत विश्वनाथ साहेब म्हणून एक रिटायर झालेले हेडक्लार्क होते. मुलगा केयूर टोरांटोला. सकाळी पेपर घेऊन गेटजवळच्या बाकावर बसायचे, दोघांचं बोलणं व्हायचं.

"साहेब, विल अन् गोइंग टू, यात फरक आहे नं?"

विश्वनाथ साहेबांनी पेपर खाली केला. "आहे ना. गोइंग टू म्हणजे आधीच ठरलेलं. का हो, परीक्षेला तुम्ही बसताय की काजल?"

तेव्हा नत्थूजींना राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं, की पोरगी मला सोबत नेणार आहे.

साहेबांचा मुलगा टोरांटोला जाऊन किती वर्षं झाली होती आणि ते अजून याच बाकावर होते. "तसं ती म्हणाली का तुम्हाला?"

"म्हणाली नं साहेब. इंग्लिशमधून म्हणाली."

साहेबांना पुढं काही बोलायचं होतं, असं नत्थूजींना नंतर पुष्कळदा वाटलं. पण समोरच्या माणसाचा चेहराच इतका उजळला होता, की साहेब नुसतं "छान, छान" म्हणाले आणि त्यांनी पेपर वर केला.

काजल परीक्षा पास झाली. बोलण्यात तर तिला क्लासमध्ये सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. लीड्स नावाच्या गावी नोकरी ठरली. त्याच सुमारास, मिरचीच्या हंगामात, नत्थूजी बहिणीला सांगायला भिवापूरला गेले.

जनाबाईचा नवरा जाऊन पुष्कळ काळ झाला होता. मूलबाळ नाही. बाजाराच्या रस्त्याला तिचं जुनं कौलारू घर, मागं एक खोली आणि अंगण. अंगणात मिरच्या पसरल्या होत्या, तिखट वासानं नत्थूजींना दारातच ठसका लागला. जनाबाई सुपात मिरच्या घेऊन देठ खुडत बसली होती.

"काजल चालली म्हणते," ती म्हणाली. "मंग तू एकटा तिथं का करशीन गा? इकडं ये. मागची खोली रिकामी आहे. तुझा माग आण, लाव. दोघं बहीणभाऊ राहू."

"नाही बाई. मी तं काजलसंगं चाललो."

जनाबाईचा हात थांबला. "कुठं, लंडनले?"

"हाव. तिकडंच."

"तिनं नेतो म्हटलं?"

"ठरलं आहे," नत्थूजी म्हणाले. गोइंग टू त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण बाईला ते काय समजणार.

जनाबाई पुन्हा देठ खुडायला लागली. सुपातली मिरची उचलायची, दोन्ही बोटांनी चाचपत देठ शोधायचा, खुडायचा. नत्थूजींनी ते पाहिलं. तिचा हात आधी सुपाच्या काठाला लागतो, मग मिरचीला, हेही पाहिलं. म्हातारपणात माणूस सावकाश होतोच, असं त्यांना वाटलं, आणि ते लीड्समध्ये बर्फ पडतो त्याबद्दल सांगत बसले.

"तिकडं लय थंडी राहते म्हणते," जनाबाई शेवटी म्हणाली. "तुले तं इथलीच सोसत नाही." मग उठून, भिंतीला हात लावत आत गेली आणि तिखटाची पुडी घेऊन आली. "हे घेऊन जा. तिकडं नाही भेटणार."

"राहा एक दिवस" असं ती म्हणाली नाही. एरवी म्हणायची. नत्थूजींनाही परतायची घाई होती.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरचा माग उतरवला. आपण गेल्यावर त्याला वाळवीच लागणार. उमरेडच्या एका विणकराला निरोप धाडला, तो टेम्पो घेऊन आला आणि एकेक लाकूड घेऊन गेला. मागाची फणी तेवढी हातात घेऊन नत्थूजी जरा वेळ उभे राहिले. मग तीही देऊन टाकली.

काजलच्या जाण्याच्या दिवशी विमानतळावर काचेच्या दारापाशी त्या दोघांना थांबावं लागलं, कारण त्याच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात. काजल रडत होती. बाबा गोळ्या वेळेवर घ्या, गॅसचं बटन बंद करत जा, असं तेच तेच सांगत होती. नत्थूजी रडत नव्हते. त्यांनी कितीतरी दिवस मनात घोळवलेलं एक वाक्य होतं. कागदावर पाहून वाचलेलं नाही, स्वतः जुळवलेलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हटलं,

"आय ॲम गोइंग टू कम."

काजल रडता रडता हसली. तिनं त्यांना मिठी मारली. "बाबा! एकही चूक नाही. अदिती मॅडमले सांगा लागते." आणि ती ट्रॉली ढकलत आत गेली, दोनदा वळून पाहिलं.

नत्थूजींना वाटलं, दोघांचं बोलणं झालं. आपल्याला समजलंय हे तिला समजलं.

त्यानंतर त्यांनी विश्वनाथ साहेबांकडून पासपोर्टचा अर्ज भरवून घेतला. पोलीस चौकशीला आला तेव्हा शेजाऱ्यांना कळलं, आणि नंदनवनच्या त्या गल्लीत नत्थूजी विलायतवाले झाले. दर रविवारी दुपारी काजलचा व्हिडिओ कॉल यायचा. ती थकलेली असायची. चार मुली मिळून एका घरात राहत होत्या. झाडं दिसायची नाहीत. नत्थूजी तिला काही विचारत नव्हते, तीच सांगेल म्हणून वाट बघत होते. मधे एकदा जनाबाईचा फोन आला, डोळ्यांनी कमी दिसते म्हणाली. "ऑपरेशन करून घे बाई, आजकाल काहीच नाही लागत," ते म्हणाले. "हाव गा, करून घेईन," ती म्हणाली. ती काजलचं विचारत होती, पण ते पासपोर्टच्या कामाला निघाले होते, बोलणं तिथंच राहिलं.

पासपोर्ट आला त्या रविवारी नत्थूजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. कॉल लागल्यावर त्यांनी ते निळं पुस्तक फोनपुढं धरलं.

"हे का आहे बाबा?"

"पासपोर्ट. माह्या नावाचा."

"तुमचा? काहून काढला?"

ते हसले. "आता किती दिवस लपवशीन वं? मले सगळं समजते. तू म्हणत होती नं रोज सकाळी, माय फादर इज गोइंग टू लिव्ह विथ मी."

पडद्यावर काजलचा चेहरा तसाच राहिला. नत्थूजींना वाटलं, नेटवर्क गेलं. मग तिचे ओठ हलले.

"बाबा, ते परीक्षेचं होतं."

"म्हणजे?"

"उत्तर खरं राहाची गरज नसते. मॅडम म्हणत होत्या, काहीही बोल पण बोलत राहा. मी पहिले विलच म्हणत होती. सगळ्या वाक्यात विल विल येऊन राहिलं, त्याचे मार्क कटतात म्हणून त्यांनी दोन-चार ठिकाणी गोइंग टू टाकाले लावलं. इथं आईवडिलांले नाही आणता येत बाबा. नवरा-लेकरांचंही कठीण आहे." आणि मग, एकदम लहान आवाजात, "तुम्हाले समजत होतं? मले वाटे तुम्हाले फक्त कागदावरचं समजते."

"थोडं थोडं समजे."

"तुम्ही मले काहून नाही विचारलं?"

याला नत्थूजींपाशी उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. काजलच्या डोळ्यांत पाणी यायला लागलेलं त्यांनी पाहिलं आणि घाईघाईनं पासपोर्ट बाजूला ठेवला. "अवं, मजाक केली. गार्ड लोकांले आता कंपनी मांगते असं काही ओळखीचं. आधार अन् हे. मी कुठं येतो त्या थंडीत? तू जेवली का?"

काजलनं ते खरं मानलं, की खरं मानल्यासारखं केलं, हे त्यांना कधी कळलं नाही. विमानतळावरचं वाक्य दोघांपैकी कोणी काढलं नाही. फोन बंद झाल्यावर नत्थूजींनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. भूक नव्हती. मुलीचा राग आला नाही. तिनं काही वाईट केलं नव्हतं. तिनं अभ्यास केला होता.

तीन-चार दिवस ते ड्यूटी करून येऊन नुसते पडून राहिले. मग जनाबाईची मागची खोली आठवली. आता तिथंच जावं, असं ठरवून त्यांनी तिच्या मोबाइलवर फोन लावला. मनातून लाजत होते, पण बहिणीपुढं कसली लाज.

"बाई, मी येतो तुझ्याकडं राहाले. लंडनचं नाही जमलं."



"आता कुठं गा नत्थू? घर तं मी पुतण्याच्या नावानं करून देलं. मी ब्रह्मपुरीले आहो त्याच्यापाशी. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? मले काहून नाही सांगितलं?"

"तू चालला होता नं. चालल्या माणसाले काहून अडवाचं."

सुट्टी घेऊन ते पहिल्या गाडीनं निघाले. ब्रह्मपुरीला जाणारी बस भिवापूरवरूनच जाते. बाजाराच्या रस्त्याला तिच्या घराची कौलं काढून पत्रे घातले होते आणि दारात कुणाची तरी मोटरसायकल उभी होती. नत्थूजींनी खिडकीतून पाहिलं आणि पुढच्या सीटचा दांडा धरून बसले.

पुतण्याचं घर बरं होतं. माणसं वाईट नव्हती. सूनबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "काकू मागं बसल्या आहेत." जनाबाई मागच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, तोंड उन्हाकडं. नत्थूजी समोर जाऊन उभे राहिले तरी तिनं मान वळवली नाही. त्यांनी "बाई" म्हटलं, तेव्हा दोन्ही हात पुढं आले, आणि त्या हातांनी त्यांचं कपाळ, कान, गाल सगळं फिरून पाहिलं.

"किती वाळला गा तू."

"डोळे केव्हा गेले बाई?"

"जाऊनच राहिले होते. डॉक्टरनं तू याच्या पहिलेच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं, काचबिंदू आहे, गेलेलं परत नाही येत. तू आला होता तेव्हा मले तुहं तोंड धुरकट दिसे."

नत्थूजींना सुपातला तो चाचपणारा हात आठवला. "तेव्हा काहून नाही बोलली?"

"बोलली नाही का? इकडं ये म्हटलं नं." जनाबाईच्या आवाजात राग नव्हता. "तुले का वाटलं, मी तुह्यासाठी बोलावून राहिली होती?"

नत्थूजी ओट्याच्या पायरीवर खाली बसले. त्यांना खरंच तसंच वाटलं होतं. लहानपणापासून तिनं जे काही केलं ते त्यांच्यासाठीच, तिला स्वतःला काही लागतं हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मुलीच्या तोंडचे परके शब्द त्यांनी एकेक करून, उलटसुलट करून समजून घेतले. बहीण आपल्याच बोलीत बोलली होती, तेही पुरतं, आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "चाल माह्यासंगं. नंदनवनात दोन खोल्या आहेत. मी करीन तुहं सगळं."

"तू दिवसभर ड्यूटीवर. अन् मी?"

"ड्यूटी सोडतो."

"मंग खाशीन का?" ती थोडी हसली. मग तिनं हात पसरून ओटा दाखवला. "हे पाय, इथून दार किती, नळ कुठं, पायरी कुठं तुटली, हे मोठ्या मुश्किलीनं शिकली मी. दोनदा पडली. आता नवीन घर नाही शिकता येत गा मले. तेव्हा आला असता तं माह्याच घरात राहिली असती. तिथलं सगळं पाठ होतं."

सूनबाईनं ताट वाढलं, नत्थूजी जेवले.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते ब्रह्मपुरीला जातात. सकाळची गाडी, दुपारी पोचायचं, दोन-तीन तास बसायचं आणि निघायचं. जनाबाईला लसूण सोलून देतात, तिची नखं कापतात. तिला पुन्हा पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगायची असते, मागाच्या खड्ड्यात उतरून बसलेल्या पोराची. ते ऐकतात. काजलचं चांगलं चाललं आहे. रविवारी फोन येतो, ती आत्याशीही बोलते. या उन्हाळ्यात येते म्हणाली होती, पण रजा मिळाली नाही. नत्थूजी "काही नाही, पुढं पाहू" म्हणाले.

परवा त्यांना निघायला उशीर झाला. जनाबाई त्यांना पोचवायला भिंतीच्या आधारानं पुढच्या दारापर्यंत आली. ते चपला घालून रस्त्याला लागले, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेही. मागून तिचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. ती दारातच उभी होती आणि ते मघाशी जिथं चपला घालत होते तिकडं तोंड करून बोलत होती, की थंडीचं कानाले बांधत जा, सायकल रातच्याले नको चालवू.

नत्थूजी परत आले. पाऊल न वाजवता तिच्यासमोर त्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि तिचं बोलणं संपेपर्यंत हाव, हाव म्हणत राहिले. त्या दिवशी त्यांची बस चुकली.